जंगलतोडमुक्त शेतमालाची कागदपत्रे : शेतापासून बंदरापर्यंत

शेतमाल परदेशी पाठविताना आजवर त्याची प्रत, वजन आणि वेष्टन यांकडे प्रामुख्याने लक्ष दिले जात असे. आता परदेशी ग्राहक आणखी एक प्रश्न विचारू लागला आहे : हा माल नेमक्या कोणत्या जमिनीत पिकला आणि त्या जमिनीसाठी जंगल तोडले गेले काय? युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाने या प्रश्नाचे उत्तर कागदोपत्री देणे बंधनकारक केले आहे. हे उत्तर तयार करण्याचे काम बंदरावर होत नाही; त्याची सुरुवात गावच्या चावडीपासून होते. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

नियमाचे स्वरूप

गुरे, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन व लाकूड या सात वस्तू आणि त्यांपासून बनणारे विवक्षित पदार्थ या नियमाच्या कक्षेत येतात. नियम २९ जून २०२३ रोजी अस्तित्वात आला. मात्र त्याच्या अंमलबजावणीची मुदत दोन वेळा वाढविण्यात आली. डिसेंबर २०२५ मधील दुरुस्तीप्रमाणे मोठ्या व मध्यम उद्योगांसाठी ३० डिसेंबर २०२६ आणि लहान व सूक्ष्म उद्योगांसाठी सर्वसाधारणपणे ३० जून २०२७ ही तारीख ठरली आहे.

नियमाच्या अटी तीन. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून शेतीखाली आणलेल्या जमिनीवर माल पिकलेला नसावा. उत्पादन त्या त्या देशाच्या कायद्यांना धरून झालेले असावे. आणि आयातदाराने तसे दक्षता निवेदन दाखल केलेले असावे. निवेदन युरोपातील आयातदार करतो. पण त्यातील माहिती आपल्या शेतकऱ्याकडून व निर्यातदाराकडून जावी लागते. मे २०२५ मध्ये भारताची गणना कमी जोखमीच्या देशांत झाली. त्यामुळे आयातदाराची जोखीम तपासणी सोपी झाली, परंतु जमिनीची माहिती देण्याची अट सुटलेली नाही.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर मराठवाडा व विदर्भातील सोयाबीन आणि त्याची पेंड यांचा या नियमाशी सर्वांत निकटचा संबंध येतो.

द्राक्षांनी घालून दिलेला धडा

असे काम महाराष्ट्राला सर्वस्वी नवे नाही. २००३ साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळले आणि निर्यातीपुढे संकट उभे राहिले. त्यानंतर कृषी व प्रक्रियायुक्त अन्न उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण अर्थात ‘अपेडा’ने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही नोंदणी व्यवस्था सुरू केली. कृषी खात्याकडे बागेची नोंदणी, फवारणीची नोंदवही, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊसची नोंद व आरोग्य प्रमाणपत्र अशी साखळी तीत बांधली गेली. पेटीवरील क्रमांकावरून मूळ बागेपर्यंत पोहोचता येऊ लागले. पुढे आंबा, डाळिंब व भाजीपाला यांसाठीही तशाच व्यवस्था झाल्या. नोंदणी हे ओझे वाटले, तरी तिनेच बाजारपेठ राखली, हा या अनुभवाचा अर्थ होय.

बाजार आवारात ओळख हरवते

पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, जेथे १९८४ साली स्थापन झालेल्या राज्य कृषी पणन मंडळाचे मुख्यालयही आहे, किंवा राज्यातील कोणत्याही मोठ्या बाजार आवारात क्षणभर थांबून व्यवहार न्याहाळावा. माल उतरतो, तोलाई होते, लिलाव होतो आणि अडत्या हिशेबपट्टी करतो. पट्टीवर शेतकऱ्याचे नाव, वजन, भाव, हमाली व तोलाई यांची नोंद असते. गट क्रमांक मात्र सहसा नसतो. त्यानंतर अनेकांची पोती खरेदीदाराच्या गोदामात एकत्र होतात आणि कोणता दाणा कोणत्या शेतातला, हे सांगणे अशक्य होते.

नव्या नियमाला हे चालत नाही. अज्ञात उगमाचा माल ज्ञात उगमाच्या मालात मिसळण्यास त्यात मुभा नाही. दहा शेतांचा माल एकत्र करावयाचा तर दहाही शेतांची माहिती हवी. एका शेताबद्दल शंका आली तर सबंध ढीग अडचणीत येतो.

कागदपत्रांची तयारी

१. शेतकरी नोंद : नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र व पीक यांची यादी गावनिहाय करावी. सातबारा व आठ-अ यांच्या प्रती सोबत ठेवाव्यात.

२. शेताचे स्थान : केवळ गट क्रमांक पुरत नाही, अक्षांश व रेखांश दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत द्यावे लागतात. शेत ४ हेक्टरांपर्यंत, म्हणजे सुमारे १० एकरांपर्यंत असेल तर एक बिंदू पुरतो. त्याहून मोठ्या शेताची संपूर्ण सीमा द्यावी लागते. आपले बहुसंख्य शेतकरी पहिल्या वर्गात मोडतात.

३. जमिनीचा पूर्वापार वापर : मागील वर्षांचे सातबारा उतारे व पीक पाहणी यांवरून जमीन २०२० पूर्वीपासून लागवडीखाली असल्याचे दाखविता येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचा पुढील हंगामांसाठी उपयोग होतो.

४. मालाची नोंद : काढणीचा काळ, वजन, पट्टीचा क्रमांक, गोदामातील थप्पीचा क्रमांक व वाहतुकीची पावती एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. एका हेक्टराच्या शेतावर ६० क्विंटल सोयाबीन दाखविले तर बाहेरचा माल मिसळल्याचा संशय येणारच.

५. जतन : नियमाखालील कागदपत्रे पाच वर्षे जपावयाची असतात. शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा संस्थेनेही आपले दप्तर तितकेच जपणे हिताचे.

ज्यांची नोंद सहज होत नाही

या व्यवस्थेत प्रामाणिक पण कागदहीन शेतकरी मागे पडण्याचा धोका आहे. बटाईने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबारावर नसते. अशा वेळी जमीनमालकाचे संमतिपत्र व कसणाऱ्याची नोंद ही दोन्ही घेऊन ठेवावीत.

दुसरा प्रश्न वनहक्कधारकांचा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मान्य झालेली वैयक्तिक लागवड १३ डिसेंबर २००५ पूर्वीची असते. परंतु शासकीय नकाशावर ती जमीन ‘वन’ म्हणून दिसू शकते. युरोपीय नियम नकाशावरील नावापेक्षा प्रत्यक्ष वापर पाहतो. म्हणून वनहक्क प्रमाणपत्र, मोजणी नकाशा व ग्रामसभेचा ठराव यांच्या प्रती या शेतकऱ्यांच्या नोंदीस अवश्य जोडाव्यात. त्या नसल्या तर खरेदीदार त्रास टाळण्यासाठी अशा गावांचा माल घेणेच सोडून देईल, आणि ज्याने जंगल तोडले नाही त्यालाच शिक्षा होईल.

गावाचे काम

ग्राम महसूल अधिकाऱ्याने उतारे अद्ययावत ठेवावेत, कृषी सहायकाने स्थाननिश्चिती शिकवावी, ग्रामपंचायतीने यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. शाळेतील शिक्षकांनी नकाशावाचनाच्या तासाला वरच्या वर्गातील मुलांकडून आपापल्या शेताचे अक्षांश-रेखांश काढून घेतले तर भूगोलाचा धडाही होईल आणि घराचे कामही. बाजार समित्यांनी पट्टीवर गट क्रमांकासाठी एक रकाना वाढविल्यास साखळीतील सर्वांत मोठी उणीव भरून निघेल.

जंगल राखणे हा या नियमाचा हेतू आहे आणि तो आपल्याही हिताचा आहे. ज्या शेतकऱ्याने रान तोडलेले नाही, त्याच्यापाशी तसे सांगणारा कागद असावा, एवढी तजवीज गावाने वेळेवर केली पाहिजे.