परघरी राबणारे हात आणि परमुलखातला माणूस



मागील पाठात आपण ‘अदिन्नादाना वेरमणी’ या शीलाचा विचार केला. दुसऱ्याने न दिलेली वस्तू घ्यावयाची नाही, हा त्याचा सरळ अर्थ. त्यानंतर रोह्याच्या धम्मवर्गात एका मातेने असा प्रश्न केला की, तो बाजूला ठेवून पुढचा पाठ घेणे आम्हाला बरे वाटले नाही. तिची मुलगी आखाती देशात घरकामाला गेलेली. मालकिणीने विमानतळावरून घरी नेताच तिचा पासपोर्ट कपाटात टाकला आणि चार महिन्यांचा पगार ‘परत जाताना देऊ’ म्हणून अडकवून ठेवला. माता म्हणाली, “गुरुजी, खिशातले काढले तर चोरी. मग घामाचे अडकवून ठेवले, त्याला काय म्हणायचे?”

त्यालाही चोरीच म्हणावयाचे. मजुराने काम पुरे केले की मजुरी त्याची झाली. ती मालकाच्या पेटीत आहे म्हणून मालकाची होत नाही. परंतु एवढे सांगून त्या मातेची झोप परत येणार नाही. म्हणून हा विषय जरा खोलात पाहू.

पेण-रोह्याच्या माणसाला परघरचे काम नवीन नाही. आपल्या आयाबाया पनवेल, नवी मुंबई, मुंबई येथे धुणीभांडी आणि स्वयंपाक करीत आल्या. आपल्या शेजारच्या वाड्यांतील कातकरी बांधव पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. कित्येक कुटुंबे कोळसा पाडण्यासाठी घाट चढून थेट कर्नाटकापर्यंत जातात. मूलबाळ, कोंबड्या, भांडी सारे बरोबर. उचल फिटेपर्यंत परत फिरता येत नाही आणि हिशेबाची वही मालकाच्या हातात. आखातातल्या घरात अडकलेली मुलगी आणि भट्टीवर अडकलेला कातकरी यांची गोष्ट एकच आहे. एकाच्या पायात उचल आहे, दुसरीचा पासपोर्ट कपाटात आहे.

भगवान बुद्धाने याविषयी काय सांगितले? राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला सहा दिशांना नमस्कार करताना पाहून भगवंताने त्याला दिशांचा खरा अर्थ समजावला. त्यात खालची दिशा म्हणजे घरातले नोकरचाकर. धन्याने त्यांच्याशी पाच प्रकारे वागावे : ताकद पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, घरात काही गोडधोड झाले तर त्यांनाही द्यावे आणि वेळोवेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी सुटीचा विचार झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा उपदेश घेतला आहे.

त्याच सुत्तात नोकराचीही पाच कर्तव्ये आहेत. धन्याच्या आधी उठावे, मागून निजावे, दिलेले तेवढेच घ्यावे वगैरे. काही लोक एवढाच भाग पाठ करतात आणि धन्याचा भाग विसरतात. आमच्या मते दोन्ही भाग एकमेकांना बांधलेले आहेत. जेथे वेतन नाही, सुटी नाही आणि आजारात औषध नाही, तेथे ‘आधी ऊठ, मागून नीज’ असे सांगणे हा धम्म नव्हे. ती वेठ झाली. आणखी एका ठिकाणी भगवंताने उपासकाला पाच व्यापार निषिद्ध सांगितले, त्यात ‘सत्तवणिज्जा’ म्हणजे जिवांचा, माणसांचा व्यापार आहे. पैसे घेऊन गावातली पोर खोट्या कागदावर परदेशी धाडणारा एजंट हाच व्यापार करतो. तो पुष्कळदा ओळखीचा, पाहुण्यातलाच असतो, हे दुःखाने लिहावे लागते.

थेरी पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरातील दासीची मुलगी. पहाटेच्या थंडीत नदीवरून पाणी वाहणे हे तिचे काम. मार चुकावा म्हणून ती गारठलेल्या पाण्यात उतरत असे. तेथे स्नानाने पाप धुणाऱ्या एका ब्राह्मणाला तिने वादात निरुत्तर केले. पुढे अनाथपिंडिकाने तिला दास्यातून मुक्त केले व ती संघात आली. लक्षात घ्या, तिच्या विद्वत्तेचे कौतुक करून धनी थांबला नाही. त्याने तिला मोकळे केले.

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९४७ साली फाळणी झाली आणि लाखो लोक सरहद्द ओलांडू लागले. तेव्हा पाकिस्तानात राहिलेल्या अस्पृश्यांना मात्र निघता येईना. झाडू मारणारे, मैला उचलणारे निघून गेले तर शहरे साफ कोण करणार, म्हणून त्यांचे काम अत्यावश्यक सेवा ठरवून त्यांना अडवून ठेवले जात होते. इतरांना जीव वाचविण्याचा हक्क होता. यांचा जीव दुसऱ्याच्या सोयीसाठी राखून ठेवला होता! बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते. त्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून ही गोष्ट मांडली. भारतात येऊन पोचलेल्या अस्पृश्य निर्वासितांनाही मदत नीट मिळत नाही, ही तक्रारही त्यांनी केली. घरकामगार आणि निर्वासित हे दोन वेगळे विषय आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

पुढे संविधान झाले. त्यातील एक शब्द धम्मवर्गात प्रत्येकाने शिकावा. कलम १५, १६ व १९ मधील हक्क ‘नागरिकां’ना आहेत. परंतु कलम १४, म्हणजे कायद्यापुढे समानता, आणि कलम २१, म्हणजे जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य, ही ‘व्यक्ती’ला आहेत. कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी केली, तीही सर्वांसाठी. जो या देशाचा नागरिक नाही, त्यालाही या कलमांचे छत्र आहे.

याचा प्रत्यय आपल्याच धम्मबांधवांच्या बाबतीत आला. चितगावच्या डोंगरातले चकमा लोक बौद्ध. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झाले, त्यांची शेते-घरे बुडाली आणि सुमारे १ लाख माणसे उठली. १९६४ पासून त्यांतील हजारो लोक, आणि त्यांच्याबरोबर हाजोंग लोक, भारतात आले. त्यांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविण्यात आले. पुढे ‘चालते व्हा’ अशा धमक्या सुरू झाल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ साली न्यायालयाने सांगितले की, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण राज्याने केलेच पाहिजे. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. म्हणून हे ‘व्यक्ती’ कलम हाच येथे निर्वासिताचा मोठा आधार आहे.

सिद्धार्थ गौतमाने गृहत्याग का केला, हे बाबासाहेबांनी सांगितले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात युद्ध ठरले. त्याने विरोध केला आणि कुटुंबावर बहिष्कार येऊ नये म्हणून देश सोडला. देश सोडावा लागलेल्या माणसाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हे तपासून घ्यावयास हा प्रसंग पुरे आहे.

आता त्या मातेसाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी व्यवहाराच्या गोष्टी. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, असे १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात आहे; तो ठेवून घेण्याचा मालकाला अधिकार नाही. जिचे शिक्षण दहावीच्या आत आहे, तिच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शिक्का असतो. आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जाण्यास १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगी लागते. ३० वर्षांखालील स्त्रीला घरकामासाठी ती मिळत नाही, आणि २०१६ पासून अशा घरकामाची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावयाची आहे. म्हणून “टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो” असे कोणी म्हणाला की तेथेच थांबावे. त्या व्हिसावर गेलेली बाई कायद्याच्या नोंदीतच नसते. अडकलेल्या मुलीने किंवा घरच्यांनी भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार-व्यवस्थेकडे लेखी तक्रार करावी. पासपोर्ट, व्हिसा व कराराच्या झेरॉक्स प्रती घरी असल्या तर तक्रार लवकर हलते. त्या मातेकडे एकही प्रत नव्हती. पुढे मुलीने फोनवर पासपोर्ट क्रमांक सांगितला, तेवढ्यावर अर्ज लिहिला.

आखातात ‘कफाला’ ही पद्धत आहे. कामगाराचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. कुवेतने २०१५ साली आणि कतारने २०१७ साली घरकामगारांसाठी कायदे केले, म्हणजे काही फरक पडतो आहे. परंतु सौदी अरबस्तानच्या २०२१ च्या सुधारणेतून घरकामगार वगळले गेले. आपल्याकडेही फार फुशारकी नको. घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार १६ जून २०११ रोजी झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण अजून तो मान्य केलेला नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी कामगार कार्यालयात होते. आपल्या किती भगिनींनी ती केली आहे?

नवदीक्षित कुटुंबांत एक भीती आढळते की, बौद्ध झाल्याने कायद्याचे संरक्षण गेले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या आहेत. कामाच्या घरी जातीवरून अपमान झाला तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेता येतो. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तर घरकाम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला लागू आहे.

शेवटी आपल्या घरात पाहू. धाटावच्या कारखान्यांत नोकऱ्या लागल्या, काही बौद्ध घरांतही आता कामाला बाई येते. कोठे कातकरी मुलगी असते, तर कोठे परराज्यातून आलेली स्त्री. तिला वेगळा कप आहे काय? ती आजारी पडली तर पगार कापतो काय? चौदा वर्षांखालील मूल घरकामाला ठेवणे २००६ पासून गुन्हा आहे, हे माहीत आहे काय? पुढील रविवारी विहारात येताना प्रत्येक कुटुंबाने या प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत. ज्यांचे कोणी परदेशी कामाला आहे त्यांनी त्यांच्या कागदपत्रांच्या प्रतीही आणाव्यात. त्या तपासून एका वहीत नोंदवून ठेवू.