छताचा सांधा आणि पावसाचे पाणी

केवळ सहलीसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून 'वाँडरर'चा उल्लेख केला जातो. डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी ब्रिस्टल येथील कारखान्याने १८८५ साली बांधलेले हे घोड्यांनी ओढावयाचे घर महॉगनी लाकडाचे होते. पुढे मोटारीमागे जोडावयाच्या कॅराव्हॅनी आल्या, वजन घटविणे अगत्याचे झाले आणि ब्रिटनमध्ये एक रचना रूढ झाली. आत बारीक लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्यावर बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आतून प्लायवूड. छताचा व भिंतीचा पत्रा जेथे मिळतात तेथे ॲल्युमिनियमची एक लांब पट्टी स्क्रूंनी आवळलेली असते. या पट्टीखालील मऊ लुकणाचा थर हेच त्या घराचे पावसापासूनचे खरे संरक्षण होय.

हा सांधा दिसतो तसा स्थिर नसतो. हिवाळ्यातील गोठणाऱ्या रात्री आणि उन्हाळ्यातील भर दुपारी पत्र्याच्या तापमानात ५० अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर ५ मीटर लांबीचे ॲल्युमिनियम सुमारे ६ मिलिमीटर प्रसरण पावते. खालचे लाकूड मात्र त्या मानाने फारच थोडे वाढते. त्यात रस्त्यावरील हादऱ्यांची भर. लुकण मऊ आहे तोवर ही ओढाताण ते सहन करते. परंतु वर्षांमागून वर्षे गेली की ते सुकते, कडक होते आणि त्याला सूक्ष्म भेगा पडतात. अशा भेगेत पाणी केशाकर्षणाने आपण होऊन ओढले जाते व स्क्रूच्या वाटेने थेट लाकडात उतरते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिले, की कुजविणाऱ्या बुरशीला ते मानवते. बाहेरून पत्रा चकचकीत आणि आत चौकटीचा भुगा, असा प्रकार म्हणूनच आढळतो.

थेंब जेथे पडतो तेथेच छिद्र असेल असे मात्र समजू नये. चौकटीच्या पट्टीवरून पाणी बरेच अंतर वाहत जाते. नळीने पाणी सोडून शोध घ्यावयाचा असल्यास खालून आरंभ करून हळूहळू वर जावे व दुसऱ्या कोणी आत बसून पाहावे. आधी वर पाणी ओतले, तर ते सगळीकडे पसरते आणि शोधाचा घोटाळा होतो.

गळती सापडताच पट्टीच्या कडेने सिलिकोनची रेघ ओढण्याचा मोह बहुतेकांना होतो. मोह स्वाभाविक आहे, पण उपाय वाईट आहे. आत शिरलेले पाणी त्यामुळे आतच कोंडते. सिलिकोनवर पुढे दुसरे काहीही नीट चिकटत नाही. आणि व्हिनेगारसारखा वास येणाऱ्या प्रकाराने धातू गंजण्याचा संभव असतो.

योग्य मार्ग कष्टाचा आहे. पट्टीचे सर्व स्क्रू काढून ती दोघांनी मिळून सावकाश उचलावी, कारण ती वाकली तर पुन्हा सरळ बसत नाही. जुने लुकण लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पातीने खरवडावे. लोखंडी पातीने रंग जातो. उरलेला चिकटा व्हाइट स्पिरिटने पुसावा. या कामातील बहुतेक वेळ येथेच खर्च होतो, आणि तो खर्च होऊ द्यावा. नंतर उघड्या पडलेल्या लाकडात आरीचे टोक दाबून पाहावे. ते सहज रुतले, तर तेवढा भाग कापून नवे लाकूड बसविल्याखेरीज पुढे जाण्यात अर्थ नाही. केवळ ओले असेल तर पूर्ण वाळू द्यावे; त्यास कित्येक आठवडेही लागतात.

नवे लुकण म्हणून ब्युटिल रबराची फीत उत्तम. ती कधीच घट्ट होऊन बसत नाही, हाच तिचा गुण. पट्टीच्या पूर्ण लांबीवर ती अखंड लावावी व जुन्या स्क्रूंच्या जागी न गंजणाऱ्या पोलादाचे स्क्रू घालावेत. मधून आरंभ करून टोकांकडे जात ते क्रमाक्रमाने आवळावेत. दोन्ही कडांनी लुकण सारखे बाहेर डोकावले, म्हणजे आत पोकळी राहिली नाही असे समजावे. बाहेर आलेला भाग लगेच कापू नये. आठवड्याभराने स्क्रू पुन्हा एकदा हलकेच आवळावेत, त्या वेळी आणखी थोडे लुकण बाहेर येते. मगच ते प्लॅस्टिकच्या पातीने कापून काढावे.