एका बाजूला गप्प बसलेला हनुमान



आजचं वाचन : वाल्मीकि रामायण, किष्किंधाकांड, सर्ग ६५ आणि ६६.

आधी प्रसंग समजून घेऊ. सीतामाईच्या शोधात दक्षिणेकडे निघालेली वानरांची तुकडी समुद्रकिनारी येऊन अडकली आहे. सुग्रीवाने दिलेली एक महिन्याची मुदत उलटून गेलीय. रिकाम्या हाताने परत गेलो तर सुग्रीव जिवंत ठेवणार नाही, या भीतीने सगळे अन्नपाणी सोडून प्राण द्यायला बसले होते. तेवढ्यात संपाती भेटला आणि सीतामाई लंकेत असल्याचं कळलं. ठिकाण सापडलं, पण मध्ये १०० योजनं समुद्र.

मग अंगद विचारतो, कोण किती लांब उडी मारू शकतो? एकेक जण आपला आकडा सांगू लागतो. गज म्हणतो १० योजनं, गवाक्ष म्हणतो २०. आकडा वाढत जातो. मैंद ६०, द्विविद ७०, सुषेण ८०. म्हातारा जांबवान ९० पर्यंत येतो. अंगद म्हणतो, मी १०० जाईन, पण परत येण्याची खात्री देता येत नाही.

या सगळ्या बोलण्यात एक नाव नाही. हनुमान. तो सगळ्यांपासून जरा बाजूला, एकटाच, काही न बोलता बसलाय. आणि गंमत बघा, रामनाम कोरलेली अंगठी त्याच्याचजवळ आहे! निघतानाच प्रभूंनी ती त्याच्या हाती दिली होती. म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकला गेलाय, तोच गप्प आहे.

हनुमंताला आपल्या शक्तीचा विसर पडेल हा ऋषींचा शाप आपण लहानपणापासून ऐकलाय. ती कथा उत्तरकांडात येते. पण आजच्या सर्गात त्या शापाचा उल्लेखच नाही. इथे फक्त एक समर्थ व्यक्ती कोपऱ्यात शांत बसलेली दिसते. म्हणून मला हा प्रसंग आपल्या ऑफिसच्या फार जवळचा वाटतो.

असे हनुमान प्रत्येक टीममध्ये असतात. कोड रिव्ह्यूमध्ये नेमकी चूक तेच पकडतात, रात्री दोनला सर्व्हर पडला की फोन त्यांनाच जातो. पण मीटिंगमध्ये त्यांचा माइक म्यूट. मी एका अशा टीम लीडला जवळून पाहिलंय. ताई कामात अत्यंत हुशार, ज्युनिअर मुलं त्यांना खूप मानायची. पण अप्रेझलच्या चर्चेत त्या फारसं बोलत नसत. "काम दिसतंच की," असं म्हणायच्या. काम दिसलं नाही. दोन वर्षं त्यांच्या टीममधल्या दोघांचं प्रमोशन हुकलं, कारण त्यांच्या वतीने कोणी बोललंच नाही. त्या दोघांपैकी एकाने शेवटी नोकरी सोडली.

अबोल असणं हा दोष नाही. पण आपण लीड असलो की आपल्या गप्प राहण्याची किंमत फक्त आपण भरत नाही. किनाऱ्यावर हनुमान बोलला नसता, तर पूर्ण तुकडी तिथेच बसून राहिली असती.

आता जांबवान काय करतो ते बघू. तो हनुमंताजवळ जातो आणि विचारतो, तू असा एकटा गप्प का बसलायस? पण त्यानंतर तो "जरा कॉन्फिडन्स ठेव" असा कोरडा सल्ला देत नाही. तो इतिहास सांगतो. अंजनीमातेची कथा, वायुदेवाचा आशीर्वाद, बालपणी सूर्याकडे घेतलेली झेप, इंद्राच्या वज्राचा घाव. म्हणजे तो पुरावे मांडतो : हे तू आहेस, हे तू आधी केलंयस, आणि आज याचीच गरज आहे.

आत्मविश्वास असाच येतो. आरशासमोर उभं राहून "मी ग्रेट आहे" म्हटल्याने नाही, तर आपण खरोखर केलेलं काम आठवल्याने. म्हणून एक वही किंवा फाइल ठेवा. दर शुक्रवारी तीन ओळी लिहा : या आठवड्यात काय अडलं होतं, मी किंवा टीमने काय केलं, त्याने कोणाचं काम सोपं झालं. कोणी जांबवान भेटला नाही, तर ही वहीच जांबवान होते.

आणि बोलायचं कसं? तेही हनुमंताकडूनच शिकू. तो बडबड्या कधीच नव्हता, पण रामायणातला सगळ्यात उत्तम वक्ता तोच आहे.

१. मोजकं आणि स्पष्ट. पहिल्या भेटीतच प्रभू राम लक्ष्मणाजवळ त्याच्या बोलण्याचं कौतुक करतात (किष्किंधाकांड, सर्ग ३). फार लांबण नाही, अडखळणं नाही, घाई नाही, आवाज मध्यम. बघा, मोठ्या आवाजाचं कौतुक कुठेच नाही. हळू बोलणाऱ्यांनी आवाज चढवायची गरज नाही, वाक्य पूर्ण करायची गरज आहे.

२. आधी तयारी. अशोकवनात झाडावर बसून तो बराच वेळ विचार करतो की सीतामाईंशी बोलायचं कसं (सुंदरकांड, सर्ग ३०). विद्वानांच्या संस्कृतात बोललो तर त्या मला रावण समजून घाबरतील, हेही तो लक्षात घेतो. मग ठरवतो की आधी रामकथा सांगायची. अंतर्मुख माणसाचं हे बलस्थानच आहे. मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी मागून घ्या, एक मुद्दा लिहून ठेवा आणि तो पहिल्या दहा मिनिटांत मांडा. उशीर होत गेला की बोलणं अजून जड जातं.

३. मुख्य गोष्ट पहिल्यांदा. लंकेहून परतल्यावर वानरांना तो सर्वात आधी हेच सांगतो की सीतामाईंना पाहिलं. समुद्र, राक्षस, आग हे सगळं नंतर. स्टेटस अपडेट असाच द्यावा.

४. विचारलं की पूर्ण सांगा. पुढे जांबवान सगळा वृत्तांत विचारतो, कारण प्रभूंना काय सांगायचं हे सर्वांना मिळून ठरवायचं असतं. तेव्हा हनुमान संकोच न करता आपले पराक्रमसुद्धा क्रमाने सांगतो (सुंदरकांड, सर्ग ५८). "काही विशेष नाही" म्हणत तो ते झाकत नाही. ती माहिती पुढच्या कामाला लागणार असते.

इथेच आपल्यासारख्या भक्तिमार्गातल्या मुलांचा गोंधळ होतो. आपल्याला वाटतं, स्वतःच्या कामाबद्दल बोलणं म्हणजे अहंकार. मग नम्रतेच्या नावाखाली आपण लपतो. स्वतःला एक प्रश्न विचारून बघा : हे मी कोणासाठी सांगतोय? फक्त स्वतःच्या कौतुकासाठी असेल, तर थांबा. पण कामासाठी, टीमसाठी असेल, तर ते सांगणं ही सेवाच आहे.

सातारा जिल्ह्यात चाफळला समर्थांनी स्थापलेले दोन मारुती आहेत. राममंदिरासमोर हात जोडलेला दास मारुती आणि मंदिरामागे प्रताप मारुती. देव एकच, रूपं दोन. नम्र व्हायचं म्हणून पराक्रम लपवावा लागत नाही, आणि पराक्रम दाखवताना दास्य सुटत नाही.

जे बोलके आहेत त्यांच्यासाठीही आज काम आहे. तुम्ही जांबवान व्हा. मीटिंगमध्ये कोण बाजूला बसलंय ते बघा. अचानक सगळ्यांसमोर बोट दाखवू नका, आदल्या दिवशी मेसेज करा : "तो भाग तू केलायस, उद्या तूच सांग ना." आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली की मध्ये तोडू नका.

आजचा संकल्प : या आठवड्यातल्या एका मीटिंगमध्ये आपल्या टीमच्या एका माणसाचं काम, त्याचं नाव घेऊन, मोठ्याने सांगायचं. स्वतःबद्दल बोलणं अवघड वाटत असेल, तर सुरुवात इथून करा.

जय जय रघुवीर समर्थ!