पाळलेला विंचू आजारी का पडतो?

विंचू दिसला की आपला हात चटकन चपलेकडे जातो. परंतु जगात अनेक हौशी लोक काचेच्या पेटीत विंचू पाळतात आणि अभ्यासासाठी प्रयोगशाळांतही ते ठेवावे लागतात. कुत्रा आजारी पडला तर कण्हतो, गाय चारा सोडते. विंचू मात्र धडधाकट असला तरी दिवसभर निपचित बसतो आणि आजारी असला तरी निपचितच बसतो. मग त्याचे दुखणे ओळखावे कसे? त्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ एकाच गोष्टीत सापडते. ती म्हणजे पाणी.

सम्राट विंचू

पाळल्या जाणाऱ्या विंचवांत पश्चिम आफ्रिकेतील सम्राट विंचू सर्वांत प्रसिद्ध आहे. तो घाना, टोगो, नायजेरिया या देशांत आढळतो. रंग काळाभोर, लांबी सुमारे २० सेंटिमीटर. आपल्याकडची इंगळी त्याच्याच कुळातली. तो वाळवीच्या वारुळात किंवा ओंडक्याखालच्या बिळात राहतो. तेथील हवा उबदार व दमट असते. म्हणून त्याच्या पेटीत १० ते १५ सेंटिमीटर ओलसर मातीचा थर, लपण्यासाठी झाडाच्या सालीचा तुकडा आणि पाण्याची उथळ बशी ठेवतात. बशीत चार खडे टाकतात, म्हणजे तो बुडत नाही. तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि हवेची आर्द्रता ७५ ते ८० टक्के असावी लागते. वाळवंटी जातींना मात्र एवढा दमटपणा मानवत नाही. म्हणून आपला विंचू मूळचा कोठला, हे आधी पाहावे लागते.

पाणी कमी पडले तर

विंचवाच्या कवचावर मेणासारखा पातळ थर असतो. तो अंगातले पाणी उडू देत नाही. तरीही पोटाखालच्या पुस्तक-फुप्फुसांच्या चार जोड्यांतून श्वासाबरोबर थोडे पाणी जातच राहते. ही तूट भक्ष्यातील रसाने व पिण्याच्या पाण्याने भरून निघाली नाही, तर अंगाच्या बाजूंची मऊ त्वचा सुरकुतते, हालचाल मंदावते आणि प्राणी पाण्याजवळ बसून राहतो. वेळीच पाणी व ओलावा मिळाला तर तो सावरतो.

खरी कसोटी लागते ती कात टाकताना. कवच ताणले जात नाही. त्यामुळे वाढायचे तर जुने कवच सोडावेच लागते. पुढच्या बाजूला कवच उकलते आणि त्यातून विंचू हळूहळू बाहेर सरकतो. हवा कोरडी असेल तर जुनी कात अंगाला चिकटते, पाय किंवा चिमटे अडकतात, आणि पुष्कळदा त्यातच त्याचा अंत होतो. अशा वेळी कात ओढून काढणे म्हणजे पायच उपटणे होय. पेटीतला ओलावा वाढवून वाट पाहणे एवढेच आपल्या हाती असते. नव्या कवचाचा विंचू मेणासारखा मऊ असतो. पेटीत जिवंत रातकिडा राहिला तर तोच त्याला कुरतडतो! म्हणून कात टाकण्याच्या सुमारास भक्ष्य काढून घेतात. आणखी एक गंमत: अतिनील किरणांत विंचू हिरवट-निळा चमकतो. नुकतीच कात टाकलेला मात्र चमकत नाही. कवच टणक होऊ लागले की चमक परत येते.

पाणी जास्त झाले तर

माती चिखलासारखी ओली, हवा कोंडलेली आणि उष्टे भक्ष्य कुजलेले असले, की बुरशी धरते. कवचावर डाग पडतात. सांध्यांत व तोंडाशी गोचिडीच्या जातीचे सूक्ष्म जीव पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसू लागतात. उपाय सोपा आहे. माती बदलावी, पेटी धुऊन वाळवावी, हवा खेळती ठेवावी आणि उष्टे रोज उचलावे. पेटीजवळ कीटकनाशक मात्र कधीही फवारू नये. त्याने विंचूही मरतो.

विंचवाचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण ऐकतो. मादी जिवंत पिल्लांना जन्म देते आणि पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवरच राहतात. पिल्ले आईला खातात हा समज चुकीचा आहे. उलट पेटी वरचेवर हलवली, तर बिथरलेली मादीच पिल्ले खाऊन टाकते. तिला शांतता देणे हीच तिची शुश्रूषा.

सावधान!

हे वाचून कोणीही दगड उलटून विंचू पकडू नये. सम्राट विंचवाचे विष माणसाला सहसा सौम्य असते, मात्र आपल्या कोकणातला लहानसा लाल विंचू जीवघेणा आहे. त्याच्या दंशाने हृदयावर परिणाम होतो आणि लहान मुलांना सर्वाधिक धोका असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य प्राण वाचवले. विंचू चावल्यास मंत्र-उतारा करीत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा.

करून पाहा

दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. दोन्ही सावलीत टांगून १५ मिनिटांनी अंक वाचा. दोहोंतला फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी. मे महिन्यातल्या दुपारी आणि श्रावणातल्या झडीत हा प्रयोग करून नोंदी ताडून पाहा. मग सांगा: यांपैकी कोणत्या दिवशी विंचवाला कात टाकणे सोपे जाईल, आणि का?