दक्षिणेचं दार

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही उलव्यात फ्लॅट घेतला. दार दक्षिणेला, म्हणून थोडा स्वस्तात मिळाला. मी इंजिनिअर आहे, वास्तुशास्त्र मानत नाही. तरी मुलीला ताप आला, यांची बढती हुकली, की माझी नजर दाराकडे जाते. पटत नसलेली गोष्ट मनात येते कुठून? योगशास्त्र याबद्दल काही सांगतं का?
— एक वाचक, उलवे

उत्तर : सांगतं, आणि फार नेमकं सांगतं. ‘संस्कार’ म्हणजे आपल्याला चांगलं वळण वाटतं. पातंजल योगदर्शनात मात्र तो अनुभवाने चित्तावर उमटवलेला ठसा, बराही आणि वाईटही. व्यासभाष्यानुसार वृत्तीतून, म्हणजे चित्तात उठणाऱ्या तरंगातून, संस्कार घडतो, संस्कारातून पुन्हा वृत्ती उठते, आणि हे चक्र अहोरात्र चालतं. ‘दक्षिणेकडे पाय करू नकोस, ती यमाची दिशा’ हे बहुधा तुम्ही अंथरुणावर, झोपेच्या उंबरठ्यावर ऐकलं असेल. तपासून बघायचं ते वयच नव्हतं. पुढे मिळालेली पदवी त्या ठशापर्यंत पोचली नाही.

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात क्लेशांच्या, म्हणजे मनाला पीडणाऱ्या विकारांच्या, चार अवस्था येतात : प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार. तुमची भीती इतकी वर्षं प्रसुप्त होती, किल्ली हातात आली आणि ती जागी झाली. त्यात किमतीने भर घातली. भाव उतरला तो तुमच्यासारख्याच अनेकांच्या मनातल्या ठशांमुळे. पण उतरलेला भाव पाहून मन म्हणतं, काहीतरी असेलच! विश्वास असा एकमेकांच्या आधाराने उभा राहतो. शिवाय ताप आला की दाराकडे पाहायचं, ताप उतरला की नाही. अशा प्रत्येक नजरेगणिक ठसा खोल जातो.

मग करायचं काय? स्वतःशी वाद घालून हा ठसा जात नाही. विमानतळासाठी तुमच्याकडची उलवे नदी वळवली, तेव्हा पाण्यासाठी नवी वाट खणावी लागली. मनालाही तशीच नवी वाट द्यावी लागते. पतंजलींचं प्रतिपक्षभावन (२.३३), म्हणजे नको त्या विचाराच्या जागी त्याच्या उलट विचार आणणं, मुळात हिंसेसारख्या विचारांसाठी आहे, पण तीच युक्ती इथे वापरून पाहा. घरात काही चांगलं घडलं की मुद्दाम त्या दाराकडे बघा. रोज संध्याकाळी त्याच उंबऱ्याशी लेकीबरोबर थोडा वेळ बसा. दक्षिणमुखी मारुतीपुढे आपण निःशंक हात जोडतो, तिथे ही दिशा भिववत नाही, हेही आठवा.

ज्यांनी तुम्हाला ते यमाच्या दिशेचं सांगितलं, त्यांच्यावर रागावू नका. मायेपोटीच सांगितलं असणार. झोपेत लेकीचे पाय दक्षिणेकडे गेले, तर तुमचा हात ते वळवायला पुढे होतो का, तेवढं मात्र बघा आणि मला जरूर कळवा.