उत्खननाचे शेवटचे दिवस



जमिनीत गाडल्या गेलेल्या जुन्या इमारती आणि वस्तू शास्त्रीय पद्धतीने खणून काढणे, याला उत्खनन म्हणतात. आपल्याला वाटतं, कुदळ मारली, हंडा लागला, झालं काम! पण तसं नसतं बरं का. उत्खनन करणाऱ्यांची मोठी परीक्षा शेवटच्या दिवसांत असते. ती कशी, हे आपल्या शेजारच्या गोव्यातील एका पडक्या चर्चच्या उदाहरणावरून पाहू.

जागा कोणती?

जुने गोवे येथे एका टेकडीवर सेंट ऑगस्टिन पंथाच्या साधूंचा मठ व चर्च होते. चर्चचे बांधकाम १६०२ साली पुरे झाले. दगड आपल्या कोकणातला जांभाच. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने मठ बंद केला. माणसांचा राबता थांबला, तशी डागडुजीही थांबली. १८४२ साली चर्चचे छत कोसळले. १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा भाग पडला. आज सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोऱ्याचा भाग तेवढा उभा आहे. त्याची मोठी घंटा पणजीच्या चर्चमध्ये आहे. १९८६ साली जुने गोवे येथील चर्च व मठ जागतिक वारसा यादीत आले.

राणी केतेवान

आता मठाखालच्या मातीत एवढं काय होतं? जॉर्जिया नावाचा एक लहान देश आहे. तेथील काखेती राज्याची राणी केतेवान ही इराणच्या शहाकडे बोलणी करायला गेली. शहा अब्बासने तिला शिराझ शहरात सुमारे दहा वर्षे अडकवून ठेवले. आपला धर्म सोडायला तिने नकार दिला, म्हणून १६२४ साली तिला हाल करून ठार मारले. जॉर्जियाचे लोक तिला संत मानतात. शिराझमधील ऑगस्टिन पंथाच्या साधूंनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यातला काही भाग १६२७ साली गोव्याला आणला.

अवशेष मठातील एका प्रार्थनागृहात, दुसऱ्या खिडकीजवळ ठेवले आहेत, असे पोर्तुगीज कागदांत लिहिलेले होते. पण भिंतच पडलेली, तर दुसरी खिडकी शोधायची कुठे? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने ढिगारे उपसले, पाया मोकळा केला, कागदातले वर्णन आणि जमिनीवरचे अवशेष जुळवून पाहिले. अखेर २००४ साली त्या खिडकीजवळ हाताचे एक हाड मिळाले.

हाड मिळाले, म्हणजे राणी मिळाली का? नाही. मठाच्या आवारात इतर माणसांनाही पुरलेले होते. एखादी चिठ्ठी हरवली किंवा दोन पिशव्यांची अदलाबदल झाली, तर कुठले हाड कोणाचे, हे कायमचे कळेनासे होते. म्हणून खणणे संपत आले की पुढील कामे काळजीने करावी लागतात. कोणत्याही उत्खननात ती असतातच.

शेवटच्या दिवसांतील कामे

१. खड्ड्याच्या उभ्या भिंती थापीने तासून साफ करतात. विहीर खणताना माती, मुरूम, दगड असे थर दिसतात ना, तसेच थर इथेही दिसतात. ते मोजून आलेख कागदावर प्रमाणात काढतात. साधारणपणे खालचा थर जुना, वरचा नवा.

२. फोटो घेतात. शेजारी मोजपट्टी आणि पाटी ठेवतात. पाटीवर जागेचे नाव, खड्ड्याचा क्रमांक आणि तारीख असते.

३. प्रत्येक वस्तू, मग ती साधी खापरी का असेना, पिशवीत भरून तिच्यावर चिठ्ठी लावतात. कुठल्या खड्ड्यात, कितव्या थरात, किती खोल मिळाली, ते चिठ्ठीवर लिहितात.

४. पिशव्या आणि नोंदवही यांचा ताळा घेतात. दुकानदार रात्री गल्ला आणि वही जुळवतो, तसाच.

५. काही खड्डे पुन्हा बुजवतात, काही भिंती पक्क्या करतात. उघडा पाया पावसात टिकत नाही. कोकणगोव्याचा पाऊस कसा असतो, ते आपल्याला सांगायला नकोच!

या कामांत घाई झाली तर काय होईल? पाटीवरचे गणित चुकले तर पुसून पुन्हा मांडता येते. मातीचा थर एकदा काढला की तो पुन्हा तसा रचता येत नाही. थर जातो, मागे राहते ती फक्त नोंद.

नोंदीचा उपयोग झाला का?

झाला! ते हाड हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत तपासले गेले. हाडात डीएनए नावाचा पदार्थ असतो. त्यातला एक प्रकार आईकडून मुलांकडे येतो, त्यावरून आईकडच्या वंशाचा माग काढता येतो. या हाडातला प्रकार भारतीय लोकांत आढळला नाही. जॉर्जिया आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात मात्र तो आढळतो. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी लिहिले, हाड बहुधा राणी केतेवानचेच असावे. ‘बहुधा’ हा शब्द लक्षात ठेवा. डीएनए माणसाचे नाव सांगत नाही. जुने कागद, सापडण्याची जागा आणि प्रयोगशाळेतील तपासणी या तिघांची साक्ष एक झाली, म्हणून एवढे तरी म्हणता आले. जागेची नोंद नसती, तर एक साक्षीदार कमी झाला असता.

पुढे जुलै २०२१ मध्ये भारताने या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तो तिबिलिसी येथे सुपूर्द केला. जवळजवळ चारशे वर्षांनी राणी माहेरच्या मातीत पोचली, असेच तिथल्या लोकांना वाटले असेल.

आपण काय करावे?

शेत नांगरताना, विहीर किंवा घराचा पाया खणताना जुने नाणे, मूर्ती, खापरी दिसली, तर ती घासूनपुसून चकचकीत करू नये. तिथेच राहू द्यावी, जागा नीट लक्षात ठेवावी आणि गुरुजींना, बाईंना किंवा तलाठ्यांना सांगावे. पालकांनीही ध्यानात घ्यावे, की १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

सांगा पाहू!

१. मठ कोणत्या साली बंद झाला?
२. चिठ्ठीवर कोणकोणत्या गोष्टी लिहितात?
३. शास्त्रज्ञांनी ‘बहुधा’ असे का म्हटले?
४. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा: आपल्या गावात सर्वांत जुने बांधकाम कोणते? ते कोणी बांधले, कधी बांधले, ते वहीत लिहा. खाली तारीख घालायला विसरू नका.