शेततळ्यातील चिलापी आणि आमिषाची निवड

गळ टाकून पाण्याकाठी बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असा आपल्याकडे एक सार्वत्रिक समज आहे. तो अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु सबंध सकाळ बसून ज्याने मोकळ्या हाताने घरची वाट धरली आहे, त्याला हे पक्के ठाऊक असते की, मासा लागणे न लागणे हे बव्हंशी गळाच्या टोकाला आपण काय लावले यावर ठरते. प्रस्तुत लेखात या एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे, आणि तोही एका लहानशा शेततळ्यापुरता.

विषय कला शाखेच्या वार्षिकात शोभणारा नाही, अशी शंका काही वाचकांना येईल. त्यांच्यासाठी एक आधार देतो. मराठीच्या विद्यार्थ्यांना 'मानसोल्लास' हा ग्रंथ ओवीच्या निमित्ताने माहीत असतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख त्यात आहे व ओवीच्या इतिहासात तो हटकून येतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, गळ व दोरी कशी असावी, कोणत्या माशाला काय चारावे, याचा विचार राजाने तेथे केलेला आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली त्यावर एक अभ्यासपूर्ण लेखही लिहिला. तेव्हा ओवी आणि आमिष ही दोन्ही एकाच ग्रंथात सुखाने नांदतात. (आमच्या सोमेश्वरनगरातील सोमेश्वर म्हणजे करंज्याचा महादेव. राजाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह मी आवरतो.)

आता तळ्याकडे वळू. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि या भागात ऊस आला. त्याचबरोबर पाझराने काही जमिनी चोपण झाल्या, हेही आपण सारे जाणतो. माझ्या मामांच्या रानात अशीच एक पट्टी आहे. तेथे ऊस धड येत नाही, म्हणून मामांनी ती खोदून तळे केले. कागदाचे अस्तर नाही, काळ्या मातीचेच काठ आहेत. पाझर लागून तळे आपोआप भरते. त्यात मामांनी कटला, रोहू आणि मृगळ यांचे बोटभर बीज आणून सोडले. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या व मृगळ तळाशी. अशा रीतीने सगळे पाणी उपयोगात येते. भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड हे त्यांचे खाद्य.

दुसऱ्या वर्षी तळ्यात न सोडलेला मासा दिसू लागला. ही चिलापी. कालव्याच्या पाण्यातून पिले आली असावीत, असे मामांचे म्हणणे. भिगवणच्या बाजारात उजनीची चिलापी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णन नको. इतरांसाठी सांगतो: तळहातासारखा चपटा व उभट मासा, पाठीवर काट्यांचा पर, तोंड लहान. तिचे मूळ गाव आफ्रिका. १९५२ साली ही मोझांबिक जातीची चिलापी मुद्दाम भारतात आणली गेली. ती इतक्या वेगाने वाढते आणि इतर माशांचे खाद्य व जागा बळकावते, हे ध्यानात आल्यावर १९५९ साली तिच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली. बंदीचा कागद माशांना वाचता येत नसल्यामुळे ती पसरत गेली.

अमेरिकेत हिच्यासारखाच एक तळ्यातला मासा आहे, त्याला ब्लूगिल म्हणतात. कुळ वेगळे, पण अंगलट तीच: चपटा, काटेरी पराचा, लहान तोंडाचा आणि तळे भरून टाकणारा. १९६० साली जपानचे युवराज अकिहितो यांना शिकागोच्या महापौरांनी ब्लूगिल भेट दिले. ते जपानच्या तळ्यांत व सरोवरांत पसरले आणि तेथील देशी माशांना त्यांचा जाच झाला. पुढे सम्राट झालेल्या अकिहितोंनी २००७ साली त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. चिलापीबद्दल आपल्याकडे अद्याप कुणी खेद व्यक्त केल्याचे माझ्या वाचनात नाही.

तेव्हा माझ्यापुढे प्रश्न असा होता: तळ्यातील चिलापी कमी करायची, पण मामांनी पैसे मोजून सोडलेल्या कटला-रोहूला धक्का लागू द्यायचा नाही. जाळे ओढले तर सारेच वर येते आणि लहान पिलांची खवले सांडतात. म्हणून गळ. मामांनी परवानगी देताना एवढेच बजावले, "आरं, धर की. पण रव्हाला गळ लागला तर तुझी काठीच मोडीन."

पहिल्या दिवशी मी कणकेची गोळी लावली. पहिलाच मासा रोहू. दुसऱ्यांदा कणकेत थोडी पेंड मिसळली, तर मृगळ. दोन्ही सोडून दिले (मामा तेव्हा मोटर चालू करायला गेले होते, हे माझे भाग्य). रात्री विचार केला तेव्हा चूक उघड झाली. ज्या माशांना रोज कोंडा आणि पेंड मिळते, ते त्याच वासावर येणार. म्हणजे मी अजाणता पाळलेल्या माशांचेच आमिष लावीत होतो. आमिष निवडताना कोणता मासा हवा याइतकेच कोणता नको हेही ठरवावे लागते, ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, त्या दोन माशांनी शिकविली.

मग गांडूळ. गांडुळावर चिलापी आली, परंतु मृगळही एक आला, कारण गळ तळाशी बसला होता. त्या दिवशी मिळालेल्या चिलाप्या साफ करताना मामींच्या हातातून मी त्यांची आतडी मागून घेतली व ताटलीत पाणी घालून पाहिली. मामी काही बोलल्या नाहीत, पण ती ताटली पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही. आत मुख्यतः हिरवे शेवाळ होते. त्यात डासांच्या अळ्या, काळ्या मुंग्या आणि एका भुंगेऱ्याचे कठीण पंख. शेवाळ काही गळाला लावता येत नाही. किडे मात्र येतात. तेव्हापासून मी आमिष घरातून नेणे सोडले आणि आधी अर्धा तास काठावर बसून पाण्यात काय पडते ते पाहू लागलो.

हे पाहणे वेळेप्रमाणे बदलते. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा वरच्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळे उठतात. त्या वेळी मुंगी किंवा लहान नाकतोडा तरंगत सोडावा. दुपारी ऊन तापले की मासा खाली उतरतो, तेव्हा दोन हात खोल, सावकाश बुडणारे आमिष चालते. थंडीतल्या सकाळी काहीच चालत नाही. पाणी गार पडले की चिलापीची भूकच मरते, तेव्हा अंथरुणातच असावे. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. ऊसवाल्यांचा हा शत्रू. मामा प्रकाशसापळा लावून ते गोळा करतात आणि रॉकेलच्या पाण्यात बुडवून मारतात. मी त्यांतले मूठभर आधीच काढून घेतो. काठावरच्या बाभळीवरून एखादा भुंगेरा पाण्यात पडला की क्षणात नाहीसा होतो. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी उडते, त्या संध्याकाळी तर कोणतेही आमिष चालते. फक्त ते लहान हवे.

लहान हवे, हे पुन्हा सांगतो. ज्यांचे गळ मोठे त्यांचे आमिष फुकट खाल्ले जाते. चिलापीचे तोंड करंगळीच्या टोकाएवढे, आणि ती चावत नाही, चोखते व नको असेल तर थुंकते. म्हणून १० किंवा १२ नंबरचा गळ घ्यावा (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात ध्यानात ठेवावे). तंगूस बारीक, बोया म्हणून जोंधळ्याच्या धाटाचे बोटाएवढे भेंड. बोया नुसता थरथरला तरी मनगट उचलावे. तो बुडण्याची वाट पाहिली तर उशीर झाला.

जिवंत किडे रोज मिळत नाहीत, आणि गळावर लावताच मऊ किडा एका चोखण्यात जातो. येथे परदेशी गळकऱ्यांची युक्ती उपयोगी पडते. ते गळालाच पिसे व लोकर बांधून नकली किडा करतात. त्याला 'फ्लाय', म्हणजे माशी, म्हणतात. युक्ती जुनी आहे. इलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधतात असे लिहून ठेवले आहे, त्याला अठराशे वर्षे झाली. ब्लूगिल धरणारे आजही दोन तऱ्हेच्या माश्या बाळगतात: वर तरंगणारी व सावकाश बुडणारी. माझ्याही दोनच आहेत. बुडणारीसाठी जुन्या घोंगडीची काळी लोकर गळाच्या दांडीवर गुंडाळायची आणि पुढे अंगणात पडलेले कोंबड्याच्या मानेचे पीस एक-दोन वेढे देऊन दोऱ्याने आवळायचे. तरंगणारीसाठी तुटक्या स्लिपरच्या रबराचा तांदळाएवढा तुकडा, त्याला पिसाचे पाय आणि वरून मेणाचा हात. त्यांचे देखणेपण माणसासाठी असते. माझी पहिली माशी इतकी सुंदर झाली होती की वर्गात सर्वांनी वाखाणली; माशांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. ती फार मोठी होती.

एक अडचण सांगितली पाहिजे. पिसाला वजन नसते, म्हणून ती फेकता येत नाही. परदेशात दोरीलाच वजन देतात व दोरी फेकतात. आपल्याकडे तशी दोरी नसेल तर बारा फुटी बांबू घ्यावा, काठीच्या टोकाखालीच माशी पाण्याला टेकवावी, किंवा वीतभर वर भेंड बांधून वाऱ्यावर सोडावी. चार पावले मागे, गुडघे टेकून बसावे. उभ्या माणसाची सावली पडली की मासा आत जातो. आणि बसावे ते मातीच्या काठावर. शेजारच्या कागदी अस्तराच्या शेततळ्यावर मी एकदा हावरेपणाने वाकलो आणि घसरलो. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नसते. पोहता येत असूनही बाहेर येता येईना. मामेभावाने ठिबकची नळी टाकली म्हणून हा लेख लिहितो आहे. अशा तळ्यावर एकट्याने जाऊ नये, आणि काठाला गाठी मारलेला दोर सोडलेला नसेल तर मुळीच जाऊ नये.

या उन्हाळ्यात मी माश्यांवर ४३ चिलाप्या धरल्या आणि रोहू एकही नाही. कटला एक लागला. तो मामांना दाखवूनच सोडला. तळ्याची चिलापी यामुळे संपणार नाही, हे मला कळते. उथळ पाण्यात नर चिखलात परातीएवढे खड्डे करतात. तेव्हा ते काळे पडतात, गळा पांढरा होतो, परांच्या कडा तांबड्या होतात, आणि खड्ड्याजवळ येईल त्यावर ते धावून जातात. भूक नसतानाही माशी घेतात. मादी मात्र अंडी तोंडात धरून हिंडते आणि त्या काळात खात नाही, म्हणून ती सहसा गळाला लागत नाही.

सहसा. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तीही लागली. बादलीत टाकताच तिच्या तोंडातून जिऱ्याएवढी पिले बाहेर पडली, शंभराच्या वर असतील, आणि आईच्या तोंडाशी परत जाऊ पाहू लागली. मी बादली घेऊन तळ्याकडे दोन पावले टाकली असतील. मामा म्हणाले, "भाच्या, तळ्यात न्हाई हां." मी उभा राहिलो. मामींनी माझ्या हातून बादली घेतली, पाणी गाळले आणि पिले कोंबड्यांपुढे टाकली. ज्याच्या मानेचे पीस माझ्या गळाला होते तो कोंबडाही त्यांत होता.